तुरटी

रविवारी सकाळी बाबांचा चेहरा संगणकाच्या पडद्यावर आला, त्यांचे ओठ हलले, आणि आवाज आला तो कुकरच्या शिट्टीचा.

"आवाज येतोय का?" असंच ते म्हणाले असणार. कॉल लागल्यावर जगातली निम्मी माणसं तेच म्हणतात. हेमांगी म्हणाली, "नाही येत, बाबा. माइक बंद असेल."

बाबांनी मान हलवली. माइक सुरू होता. त्यांनी कप बशीत ठेवला, त्याचा किणकिणाट आला. खिडकीतला बुलबुल ऐकू आला. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, त्याही ऐकू आल्या. कऱ्हाडातल्या त्या दोन खोल्यांमधलं सगळं काही नागपुरात स्वच्छ पोचत होतं. त्या खोल्यांत राहणारा माणूस तेवढा पोचत नव्हता. हेमांगीच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तिला स्वतःचाच राग आला. बिघाड आहे, दुसरं काय असणार?

बाबांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं : "मला तुझा येतो. माझंच काहीतरी चुकत असणार."

मुकुंद सरपोतदारांचा आवाज येत नाही, असं कऱ्हाडात कुणाला सांगितलं असतं तर त्याला ती थट्टा वाटली असती. नोकरी दूध संघात हिशेबनीसाची, पण गावाला माहीत होता तो त्यांचा आवाज. कबड्डीचे सामने असोत की व्याख्यानमाला, निवेदन त्यांचंच. निवृत्त झाल्यावर वाचनालयात त्यांची संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीशी गाठ पडली आणि हा माणूस म्हातारपणी चक्क प्रेमात पडला. "फुकट नाही गं, मोकळी," ते सांगायचे. "बाकीच्या वस्तूंना झाकण असतं. ही उघडून बघता येते." मग ज्याच्या घरी चहाला जातील त्याच्या संगणकावर ते ती प्रणाली टाकून येत. हेमांगी तर घरचीच, तिची सुटका कुठून व्हायची?

आवाज गेला तर काय करायचं, हेही त्यांनीच तिला शिकवलं होतं. आधी तारा बघ. मग आवाजाची पट्टी शून्यावर गेलीय का ते बघ. मग आवाज भलत्याच ठिकाणी जात नाही ना ते बघ, कारण संगणक कधीकधी स्पीकर सोडून मॉनिटरच्या कानात बोलत बसतो. मग आवाजाची सेवा बंद करून पुन्हा सुरू कर. आणि काहीच जमलं नाही तर काळी खिडकी उघड आणि संगणक स्वतःशी काय पुटपुटतोय ते वाच.

हेमांगी डोळे तपासायची. 'आता दिसतंय? आता? आधीचं बरं की हे?' असं दिवसभर विचारणाऱ्या बाईकडे चिकाटी असतेच. तिने तारा बघितल्या, पट्टी बघितली, सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. बाबा पलीकडे एक-दोन-तीन म्हणत राहिले, ओठांवरून कळत होतं. शेवटी तिने काळी खिडकी उघडली. अक्षरं भराभर वर सरकत होती. बाबांनी तोंड उघडलं की तळाशी एक ओळ उमटायची, ते गप्प झाले की थांबायची :

तुरटी : घसा ओळखला. सार्वजनिक यादी : नको. वगळला.

तुरटी तिला माहीत होती. कुणाला नव्हती? गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तसा आवाजातला गाळ खाली बसवणारा तो कार्यक्रम मुक्त प्रणालीच्या मंडळींनी मिळून लिहिला होता. पूर्वीच्या यंत्रांना पंख्याची घरघर तेवढी कापता यायची. तुरटीला त्याच्या पुढचं साधलं होतं. कानावर येणारा कालवा ती खिचडीतून डाळ-तांदूळ निवडावेत तशी निवडायची : हा कुत्रा, हा मिक्सर, हा शेजारचा टीव्ही. प्रत्येक गोष्टीच्या आवाजाला ठेवण असते. माणसाच्या तर घशाची, टाळूची, दातांची ठेवण त्यात उतरते. ती ठेवण म्हणजे तुरटीच्या भाषेत ठसा. तुम्ही एखाद्या आवाजावर 'नको' म्हटलंत की तिने तो ठसा पाठ केला. तो आवाज तुमच्या कानापर्यंत पुन्हा यायचा नाही.

पुढे मंडळींनी आणखी एक सोय केली. एकाच ठशाला पुष्कळ घरांतून 'नको' आलं, तर तो सार्वजनिक यादीत जायचा आणि सगळ्यांसाठीच गाळला जायचा. रेकॉर्डिंग कुणाचं कुठे जात नव्हतं, जायचा तो ठसा. कल्पना चांगलीच होती. शिवाय मोकळी होती, म्हणून फोनवाल्यांनी घेतली, कानात घालायच्या बोंडांनी घेतली, कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रांनीही घेतली. शहरं खरोखर शांत झाली. निदान कानांपुरती.

पण बाबांचा ठसा त्या यादीत का असावा?

उत्तर तिला ठाऊक होतं. ते आठवायला क्षणभर लागला, इतकंच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून आई-बाबांनी आवाज दान केला होता. मराठी यंत्रांना मराठी बोलता यावं म्हणून मुक्त आवाजांचा एक संग्रह चालला होता, त्याच्यासाठी वाक्यं वाचून द्यायची होती. आईला "आज बाजारात कोथिंबीर स्वस्त आहे" हे वाक्य आलं, तर ती मध्येच "कुठल्या बाजारात?" म्हणाली आणि पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. तिचा आवाज जरा घोगरा, मायेचा, पण यंत्राला न मानवणारा. तो कुणी घेतला नाही. बाबांचा मात्र खणखणीत. शिवाय कुणीही वापरावा असा मोकळा. मग तो पहिल्यांदा घंटागाडीवर चढला.

"ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात! आपलं शहर, आपली जबाबदारी!"

यंत्राने बनवलेला, पण घसा बाबांचाच. गावोगावच्या गाड्यांवर तो वाजू लागला तेव्हा बाबांना कोण आनंद! डबा घेऊन ते खाली जायचे आणि स्वतःकडूनच उपदेश ऐकून यायचे. आई म्हणायची, "घरात ऐकत नाही म्हणून आता गल्लीत सुरू केलंय." मग तोच आवाज वीजबिलाच्या फोनवर आला. पाणीपट्टीच्या आला, निवडणुकीच्या आला, लिफ्टमध्ये आला, रविवारी दुपारी जमिनीचे प्लॉट विकायला आला. आई गेली त्या वर्षी तर उठल्यापासून झोपेपर्यंत मुकुंद सरपोतदार महाराष्ट्राला काही ना काही बजावत होते.

आणि महाराष्ट्राने एकेक करून 'नको' दाबलं.

हेमांगीने काळ्या खिडकीत आणखी खोलात जाऊन बघितलं. बघायला नको होतं. त्या ठशाखाली लिहिलं होतं : 'या संगणकावरूनही : नको.' तिला ती सकाळ आठवली. खुर्चीत रुग्ण, समोर अक्षरांचा तक्ता, कानात संगणकाला जोडलेली बोंडं, खाली गाडी आणि गाडीवर ओला कचरा, सुका कचरा. सवयीने तिचं बोट गेलं होतं. गाडी बंद केली, असंच तिला वाटलं होतं.

तिने आपल्या संगणकावरची तुरटी काढून टाकली.

"...आणि समज, माझा घसाच गेला असेल तर?" बाबांचा आवाज एकदम खोलीत आला. खणखणीत नव्हता. म्हातारा, जरासा घाबरलेला होता. हेमांगीला हुंदकाच फुटला.

"आला, बाबा! आला!"

"आला? मग रडतेस कशाला?"

तिने सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडलं. "तरीच," ते म्हणाले. "मला वाटलं, लोक मला कंटाळले."

हेमांगीचा आणि त्यांचा कॉल झाला नव्हता त्या काही आठवड्यांत असंच चाललं होतं. दुकानदाराच्या कानात बोंडं. बाबा दही मागायचे, तो मोबाइलमधून मान वर काढायचा नाही. समोरच्या पाटसकरकाकूंच्या कानात यंत्र. जिन्यात बाबांनी नमस्कार केला की त्या भिंतीकडे बघितल्यासारख्या पुढे जायच्या. फोन करावा तर पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" म्हणून ठेवून द्यायचा. बाबांनी हळूहळू बोलणंच सोडलं होतं. अपमान करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

"आणि न्हाणीघरात पडलो तेव्हा..." ते बोलून गेले आणि थांबले.

"पडलात? कधी?"

"अगं, विशेष काही नाही. पाय घसरला. उठता येईना, म्हणून तातडीच्या मदतीचा नंबर फिरवला. तिकडची बाई म्हणाली, 'पलीकडून काही ऐकू येत नाही, कॉल बंद करत आहोत.' दोनदा. मग तांब्याने बादली बडवली. बादली ऐकू जाते बरं का! पाटसकरकाकू लगेच आल्या. म्हणाल्या, 'अहो, हाक तरी मारायची!'" आणि बाबा हसले.

हेमांगीला हसू आलं नाही. पाणी वाहतंय, बादली हाताला लागत नाही, आणि बाबा ओरडताहेत, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तुरटीच्या मराठी यादीची राखणदार शोधून काढली. रेहाना मुजावर, सोलापूरच्या एका शाळेत संगणक शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात हे बिनपगारी काम बघायच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तो ठसा मी आत्ता काढला, तर उद्या सकाळी प्रत्येक गाडी आणि प्रत्येक फोन परत सुरू. घसा एकच आहे. त्यातलं माणूस कोण आणि गाडी कुठली, हे तुरटीला कळत नाही."

"पण ते जिवंत आहेत, मॅडम. बोलतात. परवा मेले असते."

"मला कळतंय ते." रेहाना म्हणाल्या. "मी एकटी ठरवू शकत नाही. सगळं उघड्यावर चालतं आमचं. प्रस्ताव मांडते. लोक मत देतील."

लोकांनी दिलं. चर्चा कुणालाही वाचता येत होती, म्हणून हेमांगीने ती वाचली. दुष्ट असं कुणीच नव्हतं. सगळ्यांना वाईट वाटत होतं. एकाने लिहिलं होतं की त्याचं बाळ आता सकाळी झोपतं. एकाने विचारलं होतं की सरपोतदार आजोबांना दुसरा आवाज देता येणार नाही का? त्या ओळीखाली पसंतीच्या खुणाच खुणा होत्या. प्रस्ताव पडला.

दुसरा आवाज देता येत होता. महिनाभरात रेहानांनी एक डबी पाठवली, आगपेटीएवढी, गळ्यात अडकवायची. डबीसमोर हळू बोलायचं. ती बोलणाऱ्याचे शब्द घ्यायची, चाल घ्यायची, थांबणं-अडखळणं घ्यायची, आणि घसा तेवढा बदलून द्यायची. फोनला जोडली की फोनवर, नाहीतर डबीतल्या स्पीकरमधून. घसा निवडायचा तो त्याच मुक्त संग्रहातून, पण कुणी न वापरलेला. वापरलेला घेतला तर त्याचंही उद्या हेच व्हायचं. संग्रहात न वापरलेले पुष्कळ होते. बाबा म्हणाले, "ऐकतो सगळे आणि ठरवतो."

पुढच्या रविवारी कॉल लागला. पडद्यावर बाबा होते, गळ्यात डबी. ओठ हलले.

"आवाज येतोय का?" आई म्हणाली.

हेमांगी खुर्चीतून उठून उभी राहिली. तीच घोगरी धार, तीच माया. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

"काढा ते," ती ओरडली. "बाबा, आधी काढा ते!"

"अगं, ऐकून तर घे. मी काय म्हणतो..." आईच्या आवाजात 'म्हणतो' ऐकून तिने मान फिरवली. बाबांनी घाईघाईने डबी काढली आणि आपल्या घशाने बोलू लागले. "चिडू नकोस, बाळ. सगळे ऐकले मी. एक कॉलेजातला मुलगा होता, एक कुणी वकील होते. चांगले होते गं. पण परक्या माणसाचा घसा घालून घरात कसा वावरू? हिचा कुणी घेतला नव्हता. पडून होता. म्हटलं, घरातलाच आहे."

तिने डोळे पुसले आणि ठरवून टाकलं : बाहेर डबी, तिच्याशी मात्र स्वतःचा घसा. तिच्या संगणकावर तुरटी नव्हतीच. बाबांनी कबूल केलं.

डबीने काम मात्र चोख केलं. दुकानदार पहिल्यांदा दचकला, मग दही देऊ लागला. पाटसकरकाकू तर जिन्यातच खाली बसल्या. हेमांगीची आई सुलभाबाई त्यांची मैत्रीण. पण आठवड्याभराने त्या स्वतःहून दुपारच्या चहाला येऊ लागल्या. बाबांशी त्यांचं इतकं कधी जमलं नव्हतं.

मग एका रविवारी बाबा नुकतेच गॅसवाल्याशी बोलून उठले होते. कॉल उचलला तेव्हा डबी गळ्यातच राहिली होती.

"हेमाताई, आज तिकडे ऊन कसं आहे?" आईचा आवाज म्हणाला. आणि लगेच, "अरेच्चा! थांब हं, काढतो."

त्यांचा हात डबीकडे गेला.

"थांबा," हेमांगी म्हणाली. तिला नंतर पुष्कळदा वाटलं की हे आपण बोललोच नसतो तर. "राहू द्या ना. थोडा वेळ."

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांनी पडद्यातून तिच्याकडे बघितलं, फार वेळ नाही, पण बघितलं. मग हात खाली घेतला.

"बरं," आई म्हणाली. "राहू दे."

त्या दिवशी ते तासभर बोलले. ऊन, आमटी, तिची दुखरी पाठ. बाबा इतकं बोलत नसत. हेमांगीने डोळे मिटून घेतले होते. पुढच्या रविवारी डबी गळ्यात होती आणि ती काढण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी. आपण 'नको' दाबलंय, पुन्हा एकदा, आणि या वेळी गाडी समजून नाही, हे तिला कळत होतं. कळत होतं आणि ती रविवारची वाट बघत होती.

मे महिन्यात ती कऱ्हाडला गेली. बाबांनी दार उघडलं, हसले, तिची बॅग घेतली. काही बोलले नाहीत. डबी खुंटीला लटकत होती. दिवसभर ते हातवारे आणि माना हलवून भागवत राहिले. तिने विचारलं तेव्हा त्यांनी घशाकडे बोट दाखवून 'बसलाय' अशी खूण केली. तिने ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेरच्या खोलीत अर्धवट झोपेत होती. बोंडं कानात नव्हती. कुठूनसा तो आवाज आला, घंटागाडीचा, आणि ती सवयीने उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी कचऱ्याचे दोन डबे होते. दोन्ही उचलून ती जिना उतरून खाली गेली.

गल्ली रिकामी होती. गाडी नव्हती. एक मांजर भिंतीवर बसलं होतं, आणि कोपऱ्यावरचा दूधवाला तिच्याकडे बघत होता. "आज सुट्टी गाडीला," तो म्हणाला. "आज येत नाही."

हेमांगी दोन्ही हातांत डबे घेऊन उभी राहिली. मग तिला ते शब्द आठवले. झोपेत कानावर पडलेले, नुसता आवाज ओळखून सोडून दिलेले शब्द. ओला कचरा नव्हता त्यात. 'हेमाताई, चहा झालाय' असं होतं.

ती वर आली. बाबा चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी तिच्या हातांतले डबे बघितले. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आवाजाच्या बाबतीत त्या माणसाला कधीच काही समजावून सांगावं लागलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मला वाटलं..."

त्यांनी मान हलवली. असू दे, अशी. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कप ओट्यावर ठेवून ते वळले, खुंटीवरची डबी घेतली आणि दोरी गळ्यात घातली. तिच्याकडे पाठ करूनच ते अगदी हळू, डबीपुरतं बोलले. आई तिला ज्या नावाने हाक मारायची आणि बाबांनी जे कधीच वापरलं नव्हतं, त्या नावाने.

"हेमे, चहा निवतोय."

तिने डबे खाली ठेवले.

"आले गं," ती म्हणाली, "आले, आई."